अंगठ्याची खपली आणि मिठागराची फाइल

गेल्या पावसाळ्यात एका अभिलेखागारात बसून मी शिरोड्याच्या मिठागरांची फाइल वाचत होते. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी एका पानाच्या खालच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसला. कुणा कारकुनाच्या लाल शाईचा असेल असं वाटलं. मग माझ्याच डाव्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. नखाच्या कडेची कातडी मी नेहमीप्रमाणे टोकरून काढली होती, आणि टोकरताना मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

त्या ठिपक्याचं पुढे काय केलं ते शेवटी सांगते. आधी तुम्ही तुमचे हात बघा. नेटची, सेटची, पेटची तयारी करताय, सिनॉप्सिसचा चौथा मसुदा परत आलाय, वाचताना एक हात रिकामा असतो. तो हात काय करत असतो? कुणी ओठांची सालं काढतं, कुणी हनुवटीवरचा फोड फोडतं, कुणी गुडघ्यावरची खपली धरायच्या आत उचकटतं. आणि मग आरशात बघून स्वतःचाच राग येतो. तुमचं असं होत नसेल तर उत्तम, तरीही पुढे वाचा, कारण हा लेख जितका कातडीबद्दल आहे तितकाच पुराव्याबद्दलही आहे.

ठिपक्याच्या प्रकारानंतर मला वाटलं, या सवयीचाच इतिहास लिहावा. आणि तोही आमच्या शिरोड्यातला. गाईडना उत्साहाने सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "कुठल्या कागदात?"

आज या सवयीला वैद्यकात नाव आणि जागा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती, म्हणजे डीएसएम-५, मे २०१३ मध्ये आली. त्यात कातडी टोकरण्याचा विकार पहिल्यांदा स्वतंत्रपणे नोंदला गेला, तो ओसीडीच्या नात्यातल्या विकारांच्या प्रकरणात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही तो आहे. निदानाच्या अटी नीट वाचा, संशोधकाला त्यात बरंच शिकायला मिळतं. वारंवार टोकरून जखमा होणं, थांबवायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणं, आणि त्यामुळे मनाला त्रास होणं किंवा कामात अडथळा येणं. शिवाय एक अट अशी की हे खरजेसारख्या दुसऱ्या आजारामुळे होत असेल, तर ते यात धरायचं नाही.

आता या अटी घेऊन शंभर वर्षांपूर्वीच्या शिरोड्यात चला. "थांबवायचे प्रयत्न फसले" हे कोण लिहून ठेवणार? "मनाला त्रास" कुठल्या रजिस्टरमध्ये सापडणार? आणि खाज सुटायची कारणं घरोघरी असताना कुणाचा हात खाजेने चालला आणि कुणाचा नुसत्याच सवयीने, हे कसं वेगळं करणार? मेलेल्या माणसांचं निदान करायचा मोह इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार होतो. अकबर निरक्षर होता की त्याला वाचनदोष होता, अमका राजा वेडा होता की त्याला अमुक आजार होता, असे लेख तुम्ही वाचले असतील. वाचायला मजा येते. पण रुग्ण समोर नाही, आणि त्याच्याबद्दल लिहिणाऱ्याला आपले आजचे प्रश्न पडलेले नव्हते, हे विसरलं की तो इतिहास राहत नाही, अंदाज होतो.

मग दुसरी वाट म्हणजे डॉक्टरांच्या लिखाणाचा माग. शोधलंत तर बहुतेक लेखांत दोन नावं मिळतील: १८७५ मध्ये लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन, आणि १८९८ मध्ये पॅरिसचे लुई ब्रॉक. ब्रॉकनी या विकाराचा शोध लावला असंही सहज लिहिलेलं सापडेल. इथे थांबा. ब्रॉकच्या लेखाचं शीर्षकच मुरुमांबद्दल आहे, तेही "तरुण मुलींच्या" खरवडलेल्या मुरुमांबद्दल. म्हणजे त्यांनी एका सर्वसाधारण सवयीला नाव दिलं नाही. त्यांच्याकडे ज्या मुली आणल्या गेल्या, त्यांच्या चेहऱ्यांना दिलं. त्याच शहरातल्या धुणंवालीच्या किंवा गवंड्याच्या हाताला अशी सवय असेल तर त्या हातांसाठी कुणी पॅरिसच्या डॉक्टरची फी भरली नसती. नामकरणाचा इतिहास म्हणजे सवयीचा इतिहास नव्हे. हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, कारण मीच ते तीनदा विसरले.

आणि हे १८९८ साल आपल्याकडे कुठलं होतं? त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात महारोग्यांसाठीचा कायदा झाला, निराधार महारोग्यांना वेगळं ठेवण्याचा. आमच्या भागाच्या कातडीकडे सरकारचं लक्ष होतं ते या रोगामुळे. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर पुढे मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, आणि मुंबई इलाख्यातल्या महारोगावर त्यांनी मोठं काम केलं. त्यांचा ग्रंथ १८७४ चा. रत्नागिरीत त्याच दशकात महारोग्यांचं रुग्णालय उभं राहिलं. म्हणजे पॅरिसमध्ये चेहऱ्यावरच्या खपल्या ही घरच्यांच्या काळजीची बाब होती, तेव्हा कोकणात हातावरचा न भरणारा व्रण ही लपवायची बाब होती. जो व्रण लपवला जातो तो दवाखान्यात येत नाही, आणि जो दवाखान्यात येत नाही तो कागदात येत नाही. आला तरी "त्वचारोग" किंवा "व्रण" या एका रकान्यात बाकी सगळ्यांबरोबर येतो. कागद गप्प का आहे याचं एक कारण मला इथे मिळालं. पण "म्हणून लोक टोकरत होतेच" असं मात्र मी यावरून म्हणू शकत नाही.

शोधताना एक गंमतही झाली, ती सांगून ठेवते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. शिरोडा नावाची गावं दोन आहेत. एक आमचं, वेंगुर्ला तालुक्यातलं. दुसरं गोव्यात, फोंडा तालुक्यात, आणि तिथे आयुर्वेदाचं महाविद्यालय आहे. मी "शिरोडा, त्वचा, औषध" असं शोधलं की पडद्यावर गोवाच यायचा. दोन दिवस मी चुकीच्या शिरोड्यात फिरत होते. आणि सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, तेव्हा त्याआधीचं काहीही हवं असेल तर रत्नागिरी जिल्ह्याखाली बघा. मिठाचं असेल तर मीठ खात्याकडे आणि महसुलाकडे.

आमच्या शिरोड्यात मिठागरं आहेत म्हणून मे १९३० मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. वि. स. खांडेकर त्या काळात गावातल्याच शाळेत शिकवत होते. फाइल उघडताना मला आशा होती, की मिठागरात उभ्या राहणाऱ्या पायांबद्दल कुठेतरी एखादी ओळ असेल. खाऱ्या पाण्यात रोज काम करणाऱ्याची पावलं फुटतात, चिरांत मीठ जातं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मी वाचलेल्या पानांत मीठ किती, कर किती, पहारा कुठे, हे सगळं आहे. पाय नाहीत. फाइल ज्याने तयार केली त्याला मिठाची चोरी दिसत होती. ज्या हाताने मीठ ओढलं तो हात त्याच्या कामाचा नव्हता. हा फाइलचा दोष म्हणून लिहू नका. ती कशासाठी तयार झाली याचा पुरावा म्हणून लिहा.

कागद संपले तेव्हा मी शब्दांकडे वळले. तुमच्यापैकी जे मराठी माध्यमातून आलेत आणि इंग्रजी साहित्य वाचून दबून जातात, त्यांनी हे लक्षात घ्यावं, की आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि तो फुकट उपलब्ध आहे. रोगाच्या नावाखाली काही मिळालं नाही, मग मी "चाळा" आणि "खोड" बघितलं. सवय लागते, खोड मोडावी लागते, आणि चाळा हाताला असतो. चाळा म्हणजे हेतू नसलेली हालचाल, हाताचं आपलं आपण चाललेलं. माझ्या अंगठ्याचं इतकं नेमकं वर्णन मला निदानग्रंथात मिळालं नव्हतं. त्यात आणखी एक बघा: "जुन्या जखमेची खपली काढणं" हा आपल्या रोजच्या भाषेतला वाक्प्रचार आहे. तो रूढ व्हायला, खपली काढायचा मोह आणि त्यानंतरचं चुरचुरणं सगळ्यांनाच माहीत असावं लागतं. भाषा एवढं सांगते की हे कृत्य ओळखीचं होतं. किती जणांना त्याचा विकार होता हे ती सांगत नाही.

आता औषधाकडे येते, कारण तिथे पुरावा एकदम दाट होतो.

आमच्याकडे चैत्राच्या आसपास ओले काजूगर काढायचं काम चालतं. हिरव्या काजूबीची साल कापली की जो चीक उडतो तो कातडी जाळतो. हात काळे पडतात आणि आठ-दहा दिवसांनी कातडी पापुद्र्यांनी सुटायला लागते. सुटलेला पापुद्रा कुणी सोडतं का? आम्ही मुलं ओटीवर बसून एकमेकांचे हात सोलत असू. माझी सवय तिथली असावी असं मला वाटतं, वाटतं एवढंच. मग आजी मुठेल आणायची. मुठेल म्हणजे कोकमाचं तेल. रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या, वर आलेला स्निग्ध थर काढायचा आणि हाताने त्याचे गोळे वळायचे. ते साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणून आपल्या हवेत ते वडीसारखं घट्ट राहतं. निखाऱ्याजवळ धरून मऊ करायचं आणि भेगांत भरायचं.

या मुठेलाला कागदोपत्री वंशावळ आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला, त्यात कोकमाच्या फळाचा उल्लेख आहे. १८६८ च्या इंग्रजी 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'त कोकमाचं तेल आहे. मुंबईच्या विल्यम डायमॉक यांनी सहकाऱ्यांबरोबर १८९० च्या दशकात जो मोठा वनौषधी ग्रंथ पुरा केला त्यातही ते आहे. आणि काजू? काजू द ऑर्ताच्या ग्रंथात नाही. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाव द कोस्ता यांनी कोचीनकडे तो पाहिल्याचं लिहिलं. यावरून १५६३ मध्ये गोव्यात काजूचं एकही झाड नव्हतं असं सिद्ध होतं का? नाही. द ऑर्तांना ते दिसलं नसेल, किंवा औषधी वाटलं नसेल. अनुल्लेख हा पुरावा असतो, पण लंगडा. मौखिक परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो, तयारी ठेवा.

मागे जायचं तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला एकोणिसावा अध्याय वाचा, जखमी माणसाची शुश्रूषा कशी करावी याबद्दलचा. त्यात नखं आणि केस बारीक ठेवायला सांगितलंय. जखम घासू नये, टोचू नये, खाजवू नये, झोपेतही जपावी, असं सांगितलंय. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मित्रांनी जवळ बसून गोष्टी सांगाव्यात, त्याने वेदनेवरचं लक्ष उडतं. हातासाठी मनाही केली, आणि मनाला दुसरीकडे न्यायची सोयही केली.

इथपर्यंत आल्यावर मला जो मोह झाला तो तुम्हालाही होईल, म्हणून सांगते. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी 'नेचर'मध्ये डुकरांच्या जखमांवरचा प्रयोग छापला. उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा पातळ पॉलिथीनने झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने येते, असं त्यांनी दाखवलं. तोवर जखम कोरडी होऊ द्यावी हाच समज प्रबळ होता. मी लगेच मसुद्यात लिहून टाकलं: "विंटरच्या कितीतरी आधी कोकणातल्या बायकांना हे ठाऊक होतं." गाईडनी ते वाक्य खोडून समासात लिहिलं, "ठाऊक म्हणजे?" बरोबरच होतं. मुठेल भेगांवर लावत, हे ठाऊक होतं. जखम ओलसर राहिली की पेशी लवकर सरकतात, हे ठाऊक नव्हतं, आणि तसा दावा कुणा आजीने केलेलाही नाही. तो दावा मीच तिच्या तोंडी घातला होता.

आजीच्या तोंडी घालण्याचा प्रकार मी आणखी एकदा केला, आणि तो जास्त लाजिरवाणा आहे. माझा हात चालू झाला की ती म्हणायची, "सोड गो तो अंगठो. हातांका काम नाय तुज्या?" आणि कापूस पुढे करायची, वाती वळायला. पुढे मी वाचलं की नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सवयींवर एक पद्धत मांडली. आधी हात केव्हा चालतो हे ओळखायचं, आणि मग त्याच वेळी तो चाळा करताच येणार नाही अशी दुसरी हालचाल काही मिनिटं करायची, उदाहरणार्थ मूठ आवळून धरायची. आजही या सवयीवरच्या उपचारांत ही पद्धत महत्त्वाची आहे. मला तर खजिनाच सापडला! आजीची मुलाखत घ्यायला रेकॉर्डर घेऊन गेले आणि विचारलं, "तू मला मुद्दाम वाती वळायला द्यायचीस ना, अंगठ्यासाठी?" ती म्हणाली, "व्हय, व्हय, तुज्यासाठीच."

दोन महिन्यांनी तेच टेप ऐकताना माझा प्रश्न मला ऐकू आला. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं होतं. नातीला दुखवायचं कशाला म्हणून तिने हो म्हटलं. पुन्हा गेले, आणि या वेळी नुसतं विचारलं की घरात वाती कोण वळायचं. ती म्हणाली, "देवाक वाती लागतत. पोरां बसलेली गावली की त्यांका बसवायची." म्हणजे माझ्या अंगठ्याचा प्रश्नच नव्हता, वाती हव्या होत्या. दोन्ही टेप मी ठेवल्या आहेत आणि प्रबंधात दोन्हींचा उल्लेख करणार आहे. वाती वळताना माझा अंगठा सुटत होता, हे मला आठवतं. पण तो परिणाम झाला. तिचा हेतू तो नव्हता.

तुम्ही हे वाचत असताना कुणाचा तरी हात चालूच असेल, म्हणून थोडं व्यवहाराचं. ताजी टोकरलेली जागा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, टिपून कोरडी करा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या आणि पट्टीने झाका. लिंबू, टूथपेस्ट, कडक अँटिसेप्टिक यांनी ती आणखी चिडते. घरचं मुठेल न फुटलेल्या, कोरड्या, खरखरीत कातडीला छान; रक्त आलेल्या जागेवर मी ते लावत नाही, कारण ते कुठल्या भांड्यात काढलं हे मला माहीत आहे. खरखरीत कडाच हाताला बोलावतात, म्हणून रात्री तेल हा अर्धा प्रतिबंध झाला. नखं बारीक. आठवडाभर फक्त नोंद ठेवा, कुठे, किती वाजता, काय वाचताना. माझ्या नोंदीत निघालं की अवघड हस्ताक्षर आलं की हात अंगठ्याकडे जातो. आता मोडी कागद वाचताना रिकाम्या हातात गुळगुळीत पेन्सिल असते. जागा लाल होऊन पसरत असेल, पू, ताप असेल, किंवा मधुमेह असेल तर सरळ डॉक्टरकडे. आणि रोज तासन्तास जात असतील, लोकांत जायची लाज वाटत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञही गाठा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं. तुमची इच्छाशक्ती कमी पडते म्हणून हे होत नाही.

अभिलेखागारात मात्र तेलकट बोटांनी कागदाला हात लावायचा नसतो. म्हणून जेली-तेल रात्री, आणि वाचनकक्षात जाण्याआधी हात धुऊन अंगठ्याला पट्टी.

हे सगळं मला त्या दिवशी माहीत नव्हतं. ठिपका दिसल्यावर पहिला विचार आला तो पान उलटायचा. कुणी बघितलं नव्हतं. शंभर वर्षांनी एखादीला तो दिसेल, ती म्हणेल, मिठागरातल्या कुणाचं तरी रक्त, १९३०! आणि त्यावर शोधनिबंध लिहील. हे डोक्यात आलं आणि मी उठून काउंटरवर गेले. तिथल्या काकांनी चष्मा वर करून पान बघितलं, मग माझा अंगठा बघितला. वाळवीने खाल्लेल्या फाइली दाखवू का, म्हणाले. मग माझ्या मागणीच्या चिठ्ठीवर त्यांनी पान क्रमांक, तारीख आणि "वाचकाच्या बोटाचा डाग" एवढं लिहिलं, ती चिठ्ठी फाइलला टाचली आणि खाली माझी सही घेतली.